प्रेक्षकाचे अश्रू

करुण नाटक पाहावयास निघालेला मनुष्य मनाची थोडीबहुत तयारी करूनच घराबाहेर पडतो. 'एकच प्याला' पाहावयास जाताना सिंधूच्या वाट्याला काय येणार आहे हे आपणांस ठाऊक असते. एखादा जादा रुमाल आपण खिशात टाकतो, आणि डोळ्यांना पाणी आलेच तर त्याची लाजही बाळगीत नाही. परंतु खेळावरचा बोलपट पाहावयास जाणाऱ्या माणसाची अशी काहीच तयारी नसते. थोडी धावपळ, थोडी चुरस, शेवटी विजय, आणि दोन-अडीच तासांची करमणूक, एवढीच त्याची अपेक्षा. अशा बेसावध माणसाच्या डोळ्यांत जेव्हा पाणी उभे राहते, तेव्हा तो स्वतःच चकित होतो. 'हे पाणी कशाबद्दल?' असे तो मनाशी विचारतो, आणि दिवे लागण्याच्या आत घाईघाईने चष्मा पुसून घेतो. या प्रश्नासंबंधीच आज मी आपणांशी चार शब्द बोलणार आहे.

माझ्यापुढे जे उदाहरण आहे ते 'चक दे! इंडिया' या हिंदी बोलपटाचे. १० ऑगस्ट २००७ रोजी तो प्रदर्शित झाला. कथा जयदीप साहनी यांची आणि दिग्दर्शन शिमित अमीन यांचे. त्याविषयी फारशी आशा बाळगावी असे प्रथमदर्शनी काहीच नव्हते. नायक शाहरुख खान. परंतु प्रेमकथांनी ज्याला लोकप्रिय केले त्या नटाला येथे नायिकाच नाही. पडद्यावर येतात त्या खेळाडू मुली, आणि त्यांतील बहुतेकींची तोंडे प्रेक्षकांनी पूर्वी कधी पाहिलेली नव्हती. खेळ म्हणाल तर हॉकी, तीही स्त्रियांची. ज्या देशात क्रिकेटच्या एका चेंडूवर चहा थंड होतो, त्या देशात स्त्रियांच्या हॉकीवर बोलपट काढणे हे धाडसच म्हटले पाहिजे.

आमच्या घरून आम्ही चौघे गेलो होतो. मी, सौभाग्यवती, सासूबाई आणि महाविद्यालयात शिकणारी माझी भाची. तिकिटे काढली होती भाचीच्या हट्टाखातर. सासूबाईंना तर हॉकी म्हणजे वाकड्या काठीचा खेळ, यापलीकडे काही माहिती नव्हती. घरी एकट्या राहून काय करावयाचे, म्हणून त्या आल्या होत्या.

ज्यांनी हा बोलपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. कबीर खान हा भारताच्या हॉकी संघाचा कर्णधार. पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात अगदी शेवटी एक पेनल्टी स्ट्रोक त्याच्या हातून वाया जातो आणि भारत हरतो. सामन्यानंतर प्रतिपक्षाच्या कर्णधाराशी त्याने केलेले हस्तांदोलन छायाचित्रात सापडते, आणि त्या एका छायाचित्रावरून तो देशद्रोही ठरतो. तो मुसलमान आहे, एवढा पुरावा लोकांना पुरेसा होतो. आपल्या वृद्ध आईला घेऊन त्याला राहते घर सोडावे लागते. सात वर्षांनी तो परत येतो तो भारतीय महिला संघाचा शिक्षक होण्यासाठी. या पदासाठी दुसरे कोणी उत्सुक नसते, आणि चालकांनाही त्या संघाकडून कसली आशा नसते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या, एकमेकींशी न पटणाऱ्या सोळा मुलींना तो हाताशी धरतो आणि मेलबर्न येथील जागतिक स्पर्धेपर्यंत नेतो.

कथा एवढीच. शेवट काय होणार हे पहिल्या अर्ध्या तासातच कोणीही सांगावे. आणि तरीही त्या दिवशी त्या चित्रपटगृहात जे घडले ते मी पूर्वी क्वचितच पाहिले होते.

प्रथम हसे पिकले, मग टाळ्या पडू लागल्या. काही टवाळखोर तरुण ईशान्येकडील दोन मुलींची छेड काढतात आणि सारा संघ एक होऊन त्यांना बदडून काढतो, असा एक प्रसंग आहे. त्या वेळी स्त्रियांच्या रांगांतून उठलेला टाळ्यांचा कडकडाट मला अजून ऐकू येतो. पण अंतिम सामना सुरू झाला आणि प्रेक्षागृहाचे क्रीडांगणच झाले. लोक पडद्यावरच्या मुलींना मोठ्याने सूचना देऊ लागले. "अगं, दे तिला, दे!" असे एक पोक्त गृहस्थ माझ्यामागे बसून ओरडत होते. आणि एरवी एकमेकींचा उत्कर्ष सहन न करणाऱ्या प्रीती आणि कोमल या दोन खेळाडूंपैकी एकीने ऐन क्षणी चेंडू दुसरीकडे सोपवला, तेव्हा तेच गृहस्थ एकाएकी गप्प झाले. मी वळून पाहिले. त्यांनी उपरण्याचे टोक डोळ्यांना लावले होते.

घरी परतताना आम्ही एकमेकांना विचारले, 'तुला कोठे भरून आले?' प्रत्येकाचे उत्तर निराळे. भाचीला भरून आले ते त्या चेंडू सोपविण्याच्या क्षणी. ती म्हणाली, "मामा, आपण गोल करणे सोपे असते हो, दुसरीला करू देणे फार कठीण." सौभाग्यवतींना भरून आले ते प्रारंभीच. मुली आपापले नाव आणि प्रांत सांगत असतात, आणि एकजण प्रांताच्या जागी देशाचे नाव सांगते, तेथे. आणि सासूबाई? त्यांनी अंतिम सामना शांतपणे पाहिला होता. गोल कोणावर झाला हे त्यांना नीटसे कळलेही नसावे. त्या म्हणाल्या, "मला बाई त्या म्हातारीचे वाईट वाटले. पोरगा खेळात हरला, तर आईने घर का सोडावे?"

श्रोतेहो, ज्यांना खेळातले काही कळत नव्हते त्यांनीच त्या बोलपटाचे वर्म नेमके ओळखले होते, असे मला आता वाटते.

आमचे एक स्नेही मोठे चिकित्सक आहेत. त्यांच्यापुढे ही हकीकत सांगितली तेव्हा ते हसले. त्यांचे म्हणणे असे की, खेळावरचे बोलपट म्हणजे एक ठरलेले गणित असते. आधी पराभव, मग अपमान, मग कसून मेहनत, मध्ये एक भांडण, शेवटी विजय. आणि पार्श्वभूमीला ढोलताशे. या क्रमाने पदार्थ टाकले की प्रेक्षकाच्या डोळ्यांतून पाणी येतेच, जसे कांदा चिरताना येते. त्यात मोठे ते काय?

हा आक्षेप मी सर्वस्वी खोडून काढू शकत नाही. गणित असते हे खरे. पण त्याच गणिताने तयार केलेले कितीतरी बोलपट आपण कोरड्या डोळ्यांनी पाहतो आणि घरी येऊन जेवतो. तेव्हा गणिताने सारा उलगडा होत नाही. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून 'सविकल्प समाधी'ची उपपत्ती मांडली, ती येथे उपयोगी पडेल. कलेचा आनंद घेताना आपण दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, परंतु आपले स्वतःचे भान सर्वस्वी सोडीत नाही. या दुहेरी अवस्थेतच आनंद आहे, असे त्या विवेचनाचे सार. खेळाच्या बोलपटाला हे जितके लागू पडते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला पडत असेल. सामन्याचा निकाल लेखकाने आधीच लिहून ठेवला आहे हे आपण पूर्णपणे जाणतो. आणि तरीही चेंडू गोलाकडे निघाला की श्वास रोखून धरतो.

मात्र येथे एक प्रश्न उरतोच. आपण दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो खरे. पण नेमके कोणाच्या? मी कबीर खानच्या भूमिकेत शिरलो, असे मला प्रथम वाटले होते. प्रामाणिकपणे विचार केला तेव्हा दिसून आले की तसे झाले नव्हते. मला जी व्यथा झाली ती आरोप सोसणाराची नव्हे. आरोप करणाराची होती. हे कसे, ते सांगण्यासाठी मला पंचवीस वर्षे मागे जावे लागेल.

१ डिसेंबर १९८२. दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या होत्या आणि त्या दिवशी पुरुषांच्या हॉकीचा अंतिम सामना भारत आणि पाकिस्तान यांच्यात होता. मी त्या वेळी महाविद्यालयात शिकत होतो. आमच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडी दूरदर्शनचा संच आलेला होता, आणि त्या छोट्या खोलीत आम्ही वीस-पंचवीस जण दाटीवाटीने बसलो होतो. भारत तो सामना सात विरुद्ध एक गोलांनी हरला. गोल जसजसे चढत गेले तसतसा खोलीतील सूर पालटत गेला. प्रथम हळहळ, मग चीड, मग थट्टा, आणि अखेर एक शब्द उच्चारला गेला: "विकला गेला!" तो गोलरक्षकाला उद्देशून होता. कोणाच्या तोंडून तो निघाला हे सांगण्यात आता आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. तो माझ्या तोंडून निघाला. माझ्याजवळ पुरावा काय होता? काही नाही. हॉकीतले मला काय कळत होते? फारसे नाही. पण शब्द निघाला, सर्वांनी तो उचलला, आणि दुसऱ्या दिवशी मी तो विसरूनही गेलो.

ज्यांना उद्देशून तो होता त्यांना मात्र विसरणे शक्य नव्हते. भारताचे गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्यावर लाच घेऊन सामना घालविल्याचा आरोप देशभर झाला. तो कधीही सिद्ध झाला नाही. सिद्ध व्हावयास त्यात काही नव्हतेच. परंतु ऐन उमेदीतला तो खेळाडू त्या आरोपाखाली दबून खेळापासून दूर गेला. अकरा खेळाडू मैदानावर असताना सात गोलांचा हिशेब एकाच माणसाच्या नावे मांडला गेला, ही साधी विसंगतीही त्या वेळी फार थोड्यांच्या ध्यानात आली.

पुढे नेगी खेळाकडे परतले ते शिक्षक म्हणून. २००२ साली मँचेस्टर येथे झालेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत भारताच्या महिला संघाने इंग्लंडला तीन विरुद्ध दोन गोलांनी हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या संघाच्या गोलरक्षकांना तयार करण्याचे काम नेगी यांनी केले होते. 'चक दे! इंडिया' हे काही नेगींचे चरित्र नव्हे. कबीर खान हे कल्पित पात्र आहे. परंतु त्या बोलपटातील मुलींना हॉकीचे धडे दिले ते याच नेगींनी. ही माहिती मला बोलपट पाहिल्यानंतर काही दिवसांनी वर्तमानपत्रातून कळली, आणि चित्रपटगृहात माझ्या डोळ्यांना जे पाणी आले होते त्याचा अर्थ मला त्या क्षणी उमगला. अंधारात कबीर खानच्या घराच्या भिंतीवर लिहिलेला 'गद्दार' हा शब्द मी वाचला होता, आणि त्यातले अक्षर मला ओळखीचे वाटले होते.

१९८२ च्या त्या स्पर्धांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आशियाई स्पर्धांत स्त्रियांची हॉकी प्रथमच खेळली गेली ती त्या वर्षी. आणि दिल्लीच्या त्याच स्पर्धेत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक जिंकले. श्रोतेहो, आमच्या वाड्यातल्या त्या खोलीत या विजयाविषयी एखादा शब्द निघाल्याचे मला काही केल्या आठवत नाही. पुरुष हरले याचा संताप आम्ही वर्षानुवर्षे जपून ठेवला. स्त्रिया जिंकल्या याचा आनंद आम्ही एक दिवसही केला नाही. पडद्यावर जेव्हा त्या सोळा मुली विजयाने वेड्या होऊन एकमेकींच्या गळ्यांत पडल्या आणि सारे प्रेक्षागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले, तेव्हा त्या टाळ्यांत पंचवीस वर्षांची एक थकलेली बाकीही असावी.

माझ्या मते खेळाच्या बोलपटातील अनपेक्षित अश्रूंचे रहस्य येथे आहे. करुण नाटकात आपण दुसऱ्याच्या दुःखाने रडतो. येथे दुःखाचा प्रसंग तर कधीच मागे पडलेला असतो, आणि पाणी येते ते नेमके विजयाच्या क्षणी. हसावयाच्या वेळी आपण का रडतो? कारण, ज्याला आपण एकदा नाकारले होते त्याने आपल्या नकारावर मात केलेली आपण पाहत असतो. प्रत्यक्ष जीवनात त्या माणसाची क्षमा मागण्याची संधी आपणांस मिळत नाही. त्याचा पत्ताही आपणांस ठाऊक नसतो. चित्रपटगृहाच्या अंधारात, शेजाऱ्याला न कळेल अशा बेताने, ती क्षमा आपण मागून घेतो. बोलपटाच्या शेवटी तीच गल्ली, तेच शेजारी कबीर खानच्या स्वागताला उभे राहतात. आपणही त्यांच्यातलेच असतो.

आता, हे अश्रू खरे होते काय? माझे चिकित्सक स्नेही हा प्रश्न विचारल्यावाचून राहणार नाहीत, आणि तो विचारलाही पाहिजे. बोलपट निघाल्यानंतर दीड महिन्याच्या आतच, सप्टेंबर २००७ मध्ये, भारताने क्रिकेटची पहिली जागतिक टी-ट्वेंटी स्पर्धा जिंकली, आणि हॉकीच्या मुलींसाठी रचलेले गाणे क्रिकेटच्या विजयोत्सवात वाजू लागले. गाणे क्रिकेटने उचलले. हॉकीच्या मुली होत्या तेथेच राहिल्या. याला फार तर गंमत म्हणता येईल. परंतु पुढे २०२१ साली जे घडले त्याला गंमत म्हणता येणार नाही.

त्या वर्षी टोकियो येथील ऑलिंपिकमध्ये २ ऑगस्ट रोजी भारताच्या महिला संघाने ऑस्ट्रेलियाला एका गोलाने हरविले आणि प्रथमच उपांत्य फेरी गाठली. साऱ्या देशाला चौदा वर्षांपूर्वीच्या त्या बोलपटाची आठवण झाली. प्रतिस्पर्धीही तोच होता. दोनच दिवसांनी, ४ ऑगस्टला, अर्जेंटिनाकडून आपला संघ दोन विरुद्ध एक गोलांनी हरला. आणि त्यानंतर हरिद्वारजवळील रोशनाबाद गावी वंदना कटारिया या खेळाडूच्या घरासमोर काही जणांनी फटाके वाजविले आणि तिच्या कुटुंबाला जातीवरून शिवीगाळ केली, अशी तक्रार तिच्या भावाने पोलिसांत नोंदविली. हीच वंदना त्या स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकाच सामन्यात तीन गोल करून आली होती. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी मे महिन्यात तिचे वडील निवर्तले, तेव्हा सरावाच्या शिबिरातून तिला अंत्यदर्शनालाही जाता आले नव्हते. त्यानंतर तीन महिने पुरते झाले नाहीत तोच, दुबईला क्रिकेटमध्ये पाकिस्तानकडून भारत दहा गडी राखून हरला, आणि संघातील अकरा जणांपैकी मोहम्मद शमी या एकट्या गोलंदाजाला निवडून लोकांनी समाजमाध्यमांवर नाही नाही ते दूषण दिले. कर्णधार विराट कोहली जाहीरपणे त्याच्या बाजूस उभा राहिला, एवढे तरी समाधान.

रोशनाबादचे ते लोक किंवा शमीला शिव्या लिहिणारे ते लोक, यांच्यापैकी कोणी 'चक दे! इंडिया' पाहिला नसेल काय? मला वाटते पुष्कळांनी पाहिला असेल, आणि शेवटी टाळ्याही वाजविल्या असतील. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला पोहोचत नाही; कारण मीही एकदा एका बंद खोलीत तेच केले होते. फरक इतकाच, की माझा शब्द त्या चार भिंतींत राहिला, आणि आजचा शब्द बोटाच्या एका स्पर्शाने साऱ्या जगात जातो. चित्रपटगृहातला अश्रू खराच असतो, पण तो फार थोडा वेळ टिकतो. रुमालाने पुसला की त्याचे काम संपते, अशी आपली समजूत असते.

त्या बोलपटात कबीर खान अंतिम सामन्यापूर्वी आपल्या मुलींकडे एकच मागणे मागतो: सत्तर मिनिटे. त्या काळी हॉकीचा सामना सत्तर मिनिटांचा असे. पुढे नियम बदलले आणि आता तो साठ मिनिटांत संपतो. या सत्तर मिनिटांत सर्वस्व पणाला लावा, पुढचे पुढे, असे तो सांगतो. ते शब्द खेळाडूंसाठी होते. प्रेक्षकांसाठीही त्यातून काही घेता येईल काय, असा विचार मी पुष्कळदा करतो. आपला संघ हरला की त्यानंतरची सत्तर मिनिटे आपण कोणाचे नाव घेऊ नये, एवढाच नेम मी स्वतःपुरता केला आहे. सत्तर मिनिटांत राग निवतो, चहा होतो, आणि अकरा माणसे मिळून हरली हे ध्यानात येते. नेम लहान आहे, पण पाळावयास सोपा नाही. दोन वेळा मोडला, हेही कबूल करतो.

गेल्या वर्षी आमच्या घरी तोच बोलपट पुन्हा लावला होता. भाची आता संसारी झाली आहे, आणि तिची मुलगी शाळेत हॉकी खेळते. सासूबाई मात्र आज नाहीत. कबीर खानची आई घर सोडून निघाली त्या ठिकाणी त्या मुलीने विचारले, "आजोबा, ती काय खेळली होती? तिला का जावे लागते?" तोच प्रश्न, जवळजवळ त्याच शब्दांत. मी तिला वाड्यातल्या त्या खोलीची हकीकत सांगितली. काहीही न लपविता सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली, आणि मग म्हणाली, "मग तुम्ही त्यांना पत्र का नाही लिहिले?"

श्रोतेहो, त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज आपणांपुढे जे बोललो, ते उशिरा लिहिलेले तेच पत्र आहे असे समजावे.